विश्लेषण : आवाज मोठा की खरा? महागडे बुकशेल्फ स्पीकर घेण्याआधी हे वाचा

गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. बातमीसाठी मी तिथे गेले होते, तेव्हा एका राहुटीसमोर उभ्या असलेल्या कमिटीवाल्याचा पहिला प्रश्न वगाबद्दलही नव्हता आणि गाणाऱ्या बाईबद्दलही नव्हता. तो विचारत होता, ‘साउंड किती आणणार?’

जुन्नर-आंबेगावात आता घरातही हाच प्रश्न ऐकू येतो. २०२३च्या उन्हाळ्यानंतर टोमॅटोला भाव आला आणि अनेकांचे अडकलेले बंगले पूर्ण झाले. माझ्या काकांचाही झाला. हॉलमध्ये मोठा टीव्ही आला आणि त्याच्या शेजारी कमरेएवढा, रंगीत दिवे लुकलुकणारा स्पीकर आला. खोक्यावर वॅटचा आकडा पाच अंकी होता. महिन्याभरात आजीने हरिपाठ ऐकायची जागा बदलली आणि जुना ट्रान्झिस्टर घेऊन ती स्वयंपाकघरात बसू लागली. विचारलं तर म्हणाली, ‘त्यात धबधब ऐकू येतं बाई, शब्द नाही ऐकू येत.’

काका मला म्हणाले, ‘तू इंजिनिअर ना गं? मग सांग, चांगला स्पीकर कोणता?’ हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझं मत आधीच सांगते. घरात ऐकायचं असेल तर नीट बनवलेली छोटी जोडी मोठ्या खोक्यापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरते. मात्र ‘हाय-एंड’ नावाखाली मागितला जाणारा प्रत्येक रुपया आवाजासाठी असतो, असं नाही.

बुकशेल्फ स्पीकर म्हणजे काय?

पुस्तकांच्या फडताळात मावेल एवढा, साधारण फूट-सव्वा फूट उंचीचा स्पीकर. यात बहुधा दोन ड्रायव्हर असतात. चार ते साडेसहा इंचांचा वूफर खालचे आणि मधले स्वर वाजवतो, तर इंचभराचा ट्वीटर वरचे. दोघांना कामं वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. ही वाटणी साधारण २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास होते.

अडचण इथूनच सुरू होते. माणसाचा कान साधारण याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. ‘स’, ‘त’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांची ओळख इथे आणि याच्या थोडं वर पटते. वाटणी ढिसाळ असेल तर गाणं ऐकू येतं, शब्द मात्र निसटतात. आजीची तक्रार नेमकी हीच होती.

छोट्या खोक्याची इतकी प्रतिष्ठा कशी?

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण बीबीसीचं आहे. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत जागा कमी असते. मोठा मॉनिटर मावत नाही आणि हेडफोन लावून सगळं कळत नाही. म्हणून १९७०च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने ‘एलएस३/५ए’ हा स्पीकर तयार केला. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९ सेंटिमीटर, आतली जागा जेमतेम ५ लिटर. म्हणजे पाण्याच्या छोट्या कॅनएवढी. त्याच्या रचनेचा अहवाल १९७६मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या अभियंत्यांची कसोटी साधी होती. ओळखीच्या माणसाचा जिवंत आवाज आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज यांची तुलना करायची. फरक जितका कमी, तितका स्पीकर चांगला. पन्नास वर्षांनंतरही हा स्पीकर परवान्याखाली बनतो आणि विकला जातो. तो खिडक्या हादरवत नाही. माणूस बोलला तर माणसासारखा ऐकू येतो, ही त्याची ख्याती.

मग खोकं कशाचं असावं?

आपल्याकडच्या वाचकाला हे ढोलकीवरून चटकन कळेल. ढोलकीचं खोड घुमलं पाहिजे, नाहीतर ती ढोलकीच नव्हे. स्पीकरचं उलटं. त्याच्या पेटीने स्वतः काहीच गायचं नाही. पेटीच्या भिंती थरथरल्या तर प्रत्येक गाण्यात तिचाच एक सूर मिसळतो. बीबीसीने त्यासाठी पातळ बर्च प्लायवुड वापरलं आणि आतून डांबरी पट्ट्या चिकटवून त्याची थरथर शोषून घेतली. आजच्या कंपन्या जाड एमडीएफ, आतून आडवे-उभे आधार, कधी अ‍ॅल्युमिनियम वापरतात. मार्ग वेगळे, हेतू एकच. बोटाच्या पेराने पेटीवर टकटक करून पाहा. ‘ठक’ असा बंद आवाज आला तर बरं. डब्यासारखी पोकळ ‘टण्ण’ आली तर पुढे विचारपूस करण्यात अर्थ नाही.

काही पेट्यांना मागे किंवा पुढे भोक असतं. त्याला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो ‘हूं’ येतो, त्याच तत्त्वावर पोर्ट खालचे स्वर वाढवतो. पेटी, पोर्ट आणि ड्रायव्हर यांचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारलं. आज बहुतेक सगळे स्पीकर या दोघांच्या समीकरणांवर बेतलेले असतात.

छोट्या स्पीकरमधून ढोलकी का घुमत नाही?

कारण इथे निसर्गाचा एक हिशेब आड येतो. छोटी पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. शिवाय तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचं तर वूफरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. पाच इंचांचा पडदा किती हलणार? म्हणून छोट्या जोडीत ढोलकीच्या शाईचे बोल स्पष्ट येतात, धुमाचा दम मात्र कमी पडतो. दुकानदार काहीही म्हणो, हे खरं आहे.

दुसरं कारण समजून घ्यायला खोडदला जा. नारायणगावपासून जवळच असलेल्या या गावाच्या परिसरात जीएमआरटी या महाकाय दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, पण रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात. कारण त्यांची तरंगलांबी जाळीच्या भोकांपेक्षा बरीच मोठी आहे. लहरीला अडथळा ‘दिसतो’ की नाही, हे तिच्या लांबीवर ठरतं.

ध्वनीचंही तसंच. ३००० हर्ट्झच्या स्वराची लांबी साधारण ११ सेंटिमीटर. त्याला २० सेंटिमीटर रुंदीची पेटी भिंतीसारखी वाटते, म्हणून तो समोर जातो. ५० हर्ट्झच्या स्वराची लांबी जवळपास ७ मीटर. त्याच्या दृष्टीने पेटी नसल्यातच जमा. तो वळसा घालून मागे, बाजूला, सगळीकडे पसरतो. चांगला डिझायनर ही गळती क्रॉसओव्हरमध्ये भरून काढतो. स्वस्त स्पीकरमध्ये बहुधा कुणी तिकडे लक्ष देत नाही, म्हणून आवाज चिरका लागतो.

वॅट पाहायचे नाहीत, तर काय पाहायचं?

खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहिलं असेल तर तो आकडा विसरून जा. क्षणभराच्या कमाल शक्तीचा तो फुगवलेला हिशेब असतो. ‘आरएमएस’ वॅट विचारा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्ती दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ८३ डेसिबलच्या स्पीकरला ८९ डेसिबलच्या स्पीकरइतकं वाजायला चौपट शक्ती हवी. जोडीसोबत अ‍ॅम्प्लिफायर निवडताना हे गणित मांडा.

आणि डोळे मिटून ऐका. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. पडद्याआड स्पीकर ठेवले की बहुतेक श्रोत्यांची पसंती एकाच दिशेने जाते. ज्याचा समोरचा आवाज समतोल आणि बाजूला पसरणाराही सुसंगत, तो स्पीकर जिंकतो. पडदा काढला की आकार, ब्रँड, किंमत मतात शिरतात आणि गुण बदलतात. महागडा लाकडी पृष्ठभाग सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण ते पैसे डोळ्यांसाठी मोजले जातात. जाड केबलबद्दलही माझं मत हेच आहे.

आपल्या घरात काय बदलावं लागेल?

नावावर जाऊ नका, बुकशेल्फ स्पीकर फडताळात कोंबायचा नसतो. भिंतीपासून निदान फूट-दीड फूट पुढे, स्टँडवर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. कोपऱ्यात ठेवला तर बास फुगतो आणि शब्द बुडतात.

खरी अडचण आपल्या नव्या हॉलची आहे. चकचकीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या, मोकळ्या भिंती. आवाज टप्पे खात फिरत राहतो. जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा, पुस्तकांनी भरलेलं कपाट हे सगळं स्पीकरमध्ये आणखी पैसे ओतण्याआधी करा. तोच स्पीकर निराळा वाटेल.

पुण्यातल्या मैत्रिणीकडून मी एक जुनी बुकशेल्फ जोडी चार दिवस मागून आणली. स्टूलवर ठेवली, खाली घोंगडी अंथरली, पडदे ओढले. आजीचा हरिपाठ लावला. ती दारात आली, मग आत येऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘टाळ दोन जणांचे आहेत.’ इतकी वर्षं ऐकलेल्या त्या ध्वनिमुद्रणात टाळकरी दोन होते, हे तिलाही नवीन होतं. काका मात्र पूर्ण पटलेले नाहीत. ‘ढोलकीला जोर नाही,’ म्हणाले, आणि मैत्रिणीने सांगितलेली किंमत ऐकून, ‘एवढ्यात ठिबकची लाइन बदलून झाली असती.’ दोन्ही मुद्दे बरोबर आहेत.

हा फक्त हौसेचा विषय आहे का?

मला तसं वाटत नाही. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सहन करावा, अशी अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेची शिफारस आहे. प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीतल्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. गेलेली श्रवणशक्ती कुठलाही स्पीकर परत आणत नाही.

दुसरं नुकसान मोजता येत नाही. नारायणगाव हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. तमाशा ही मुळात शब्दांची कला. गणातली विनवणी, गवळणीतली थट्टा, वगातला चिमटा, सगळं शब्दावर चालतं. मायक्रोफोन नव्हते तेव्हा सुरते मागून ओळ उचलून धरायचे, ती शेवटच्या माणसापर्यंत पोचावी म्हणून. आज भिंतीएवढा साउंड आहे आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही ओळ कळत नाही.

ज्या कानाला घरात खऱ्या आवाजाची सवय लागते, तो कान यात्रेतही तो मागतो. त्यासाठी लाखाची जोडी लागत नाही. मध्यम किमतीची नीट बनवलेली जोडी, योग्य जागा आणि एक जाड सतरंजी पुरते. पुढच्या पाडव्याला राहुटीसमोर कुणीतरी ‘साउंड किती’ऐवजी ‘शब्द कळतील ना?’ असं विचारावं, एवढीच अपेक्षा.