सर्पगंधा : कीर्ती आणि कसोटी

सर्पगंधेच्या मुळीची कीर्ती आपल्या देशात प्राचीन आहे. परंतु कीर्ती म्हणजे पुरावा नव्हे. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ साली या मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली व एकास संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिचा परिणाम १९४९ साली प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मिळालेल्या रेसर्पीनने रक्तदाब उतरे. मात्र काही रुग्णांस विषण्णताही आल्याचे आढळले. कच्च्या मुळीत या द्रव्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ हा समज आपण सोडावा. मात्रा ठाऊक नसलेली मुळी घेऊ नये.