उंबऱ्यात काढलेला बूट

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना व्यापाऱ्याचा पाय दुखावणे, याहून अवेळी येणारे संकट क्वचितच असेल. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा येथील बाजारांत मालाच्या गाड्या उभ्या असतात, काट्यावर घरच्या माणसाची नजर हवी असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पायरीवरून तोल जातो. क्ष-किरण चित्रात घोट्यापाशी बारीक तडा दिसतो. पूर्वी अशा वेळी प्लास्टर ठरलेलेच असे. आता हाड जागेवर असेल आणि शस्त्रक्रियेची गरज नसेल, तर डॉक्टर पुष्कळदा ‘वॉकिंग बूट’ सुचवतात.

हा बूट म्हणजे दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकचा आधार, आत जाड मऊ अस्तर, वरून वेल्क्रोचे पट्टे आणि खाली होडीसारखा गोलसर तळ. घोटा न वाकवता पाऊल पुढे पडावे, यासाठी तळाला हा बाक दिलेला असतो. बूट दोन उंचींचे मिळतात. घोट्याच्या व टाचेमागील शिरेच्या दुखापतीला बहुधा पोटरीपर्यंतचा उंच बूट लागतो. पाऊल व बोटांच्या काही दुखापतींना आखूड बूट पुरतो. काहींत हवेच्या पिशव्या असतात. छोट्या पंपाने हवा भरली की बूट पायाला नीट धरून बसतो. कोणता घ्यावा, हे दुकानदाराने नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचे असते.

खरेदीला जाण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत: पायावर किती भार द्यायचा, रात्री बूट काढायचा की नाही, आणि तो किती आठवडे वापरायचा. माप सुजलेल्या पायावर, मोजा घालूनच पाहावे. टाच मागे पूर्ण टेकली पाहिजे आणि बोटे तळाच्या कडेबाहेर येता कामा नयेत. नातलगाकडचा जुना बूट आणून खर्च वाचवण्याचा मोह होतो. परंतु दबलेले अस्तर आणि दुसऱ्याचे माप यांमुळे आधार सैल पडतो. तसा बूट वापरायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावा. चामड्याचा वापर वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांची येथे सहसा अडचण होत नाही. तरी दुकानात एकदा विचारून घ्यावे.

घालताना बसून, लांब सुती मोजा सुरकुती न पडू देता चढवावा, टाच मागे सरकवावी आणि पट्टे बोटांकडून वर पोटरीकडे आवळत न्यावेत. बोटे बधिर झाली किंवा निळसर दिसली, तर पट्टा अधिक घट्ट आहे असे समजावे. बुटामुळे एक पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते. म्हणून दुसऱ्या पायात तितक्याच उंचीचे पादत्राण असावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. साडीचा काठ पट्ट्यात अडकतो, याचे भान स्त्रियांनी ठेवावे. जिनिंगमध्ये वावरणाऱ्यांच्या वेल्क्रोत कापसाचे तंतू भरतात आणि पट्टे सुटू लागतात. ते जुन्या दातांच्या ब्रशने काढावेत. उजव्या पायात बूट असेतो मोटार किंवा मोटारसायकल चालवू नये.

हे सारे सांभाळूनही पाय बरा होण्यास विलंब का लागतो? याचे उत्तर बुटाच्या सर्वांत मोठ्या सोयीत दडलेले आहे: तो काढता येतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाला जखम असलेल्या २० मधुमेही रुग्णांच्या हालचाली मोजल्या गेल्या. एक यंत्र कमरेला होते, दुसरे बुटात. एकूण हालचालींपैकी केवळ २८ टक्के हालचाल बूट घालून झाली होती. म्हणजे शंभरातील बहात्तर पावलांचा भार संरक्षणावाचूनच्या पायावर पडला. पुढे अशा रुग्णांच्या बुटाभोवती पट्टी गुंडाळून तो काढताच येऊ नये, अशी योजना डॉक्टरांनी केली, तेव्हा जखमा अधिक प्रमाणात भरून आल्या.

आपल्या घरांत हा धोका अधिक आहे. उंबऱ्यात पादत्राण काढणे हा संस्कार आहे. गादीवर मांडी घालून बसणे ही पेढीची रीत आहे. रस्त्यावर निष्ठेने वापरलेला बूट दारात उतरतो आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघर अशी दिवसभराची पावले उघड्या पायाने पडतात. त्यातले एखादे पाऊल ओल्या फरशीवर घसरते. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली की व्याज घटते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथे तर मुद्दलालाच धोका असतो.

उपाय साधा आहे. बूट घरातही पादत्राण न मानता प्लास्टर मानावा. प्लास्टर कोणी उंबऱ्यात काढून ठेवत नाही. आत येताना तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. त्यावर कापडी खोळ चढवू नये. ती फरशीवर घसरते. गादीऐवजी काही आठवडे खुर्ची घ्यावी. मंदिरात किंवा स्थानकात पादत्राण चालत नसेल, तर बाहेरूनच हात जोडावेत, घरी खुर्चीवर बसून सामायिक करावे. भाव शुद्ध असेल, तर या अंतराने काही उणे होत नाही. ज्येष्ठांना हे घरच्या माणसांनी प्रेमाने सांगावे.

डॉक्टरांनी बूट काढण्यास अनुमती दिली असेल, तर रोज त्वचा पाहावी. मधुमेह असलेल्यांना टोचलेले कळत नाही; त्यांनी तळवा आरशात पाहावा किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावा. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि दुखणे थांबले म्हणून बूट आपणहून सोडू नये. वेदना आधी थांबते, हाड नंतर भरते. या दोहोंमधले दिवस धीराने काढले, तर पुढचा हंगाम दोन्ही पायांवर उभे राहून पाहता येतो.