नानांच्या गळ्यात हार, नानांच्या विचाराला फाटा!

३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पुतळ्यास हार पडतात आणि ६ डिसेंबरला पुन्हा पडतात. पुढारी मोटारीतून उतरतात, प्रति सरकारचा जयजयकार करतात आणि हार सुकण्याच्या आत निघून जातात. भाषणात शेणोलीची रेल्वे येते, धुळ्याचा खजिना येतो आणि खबऱ्यांच्या तळपायावर बसलेला मार तर येतोच येतो. पण नाना आरंभी कोण होते आणि शेवटी कोण झाले, हे सांगण्याची वेळ आली की यांची जीभ टाळ्याला चिकटते. नाना आरंभी सत्यशोधक व शेवटी कम्युनिस्ट! ही दोन्ही टोके या मंडळींना बोचतात. म्हणून शेंडा छाटला, मूळ तोडले आणि उरलेल्या खोडाला हार घातला!

नाना हे वाळवे तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. जन्म १९०० सालचा. तलाठ्याची नोकरी होती. १९३० साली तिच्यावर लाथ मारून ते लढ्यात पडले. पण त्यांच्या पायाखालची जमीन आधीच नांगरलेली होती. ज्योतीरावांनी १८७३ साली काढलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचले होते, आणि १९१९ ते १९२१ च्या सुमारास तेथली कुळे जमीनदारांविरुद्ध उठली होती. त्याच रानात नाना वाढले.

१९४३ ते १९४६ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली प्रति सरकार चालले, ते काय केवळ खजिने लुटण्यासाठी? गावोगाव न्यायपंचायती बसल्या. ज्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवून कुणबी नागवला जात होता, त्याच्याऐवजी गावच्या चावडीत, वकिलाची फी न भरता निवाडा होऊ लागला. सावकाराला धाक बसला. दारूच्या गुत्त्यांवर टाच आली. कर्ज न काढता लग्ने लागली. त्यांना गांधी विवाह म्हणत; पण भटजीवाचून आणि कर्जावाचून लग्न लावण्याचा धडा या मुलखाला पहिल्याने कोणी दिला? नाव गांधींचे, बियाणे ज्योतीरावांचे!

आता शहाणे म्हणतात, नाना भोळे होते, लाल बावटेवाल्यांनी त्यांना फसविले. वा रे शहाणपण! ज्याला इंग्रजांचे पोलीस वर्षानुवर्षे धरू शकले नाहीत, तो असा सहज फसला काय? १९४७ साली गोरा साहेब गेला. सावकार गेला नाही, शेठजी गेला नाही. हे दिसत होते म्हणून नाना शेतकरी कामगार पक्षात गेले व तेथून पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली ते अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. १९५७ साली साताऱ्याने आणि १९६७ साली बीडने त्यांना कम्युनिस्ट म्हणूनच लोकसभेत धाडले. बीडला नानांचे कोणते भाऊबंद होते? तिथल्या शेतकऱ्याने या वाळव्याच्या माणसाची जात पाहिली नाही, त्याची भाषा ओळखली.

मात्र लाल बावटेवाल्यांनाही आमचा रोखठोक सवाल आहे. त्यांनी नानांचा पक्ष तेवढा सांगावा आणि सत्यशोधक गिळून टाकावा, हे चालायचे नाही. ज्या डोळ्याला गिरणीतला मालक दिसतो पण बोहल्यावरचा भटजी दिसत नाही, तो डोळा अर्धा आंधळा!

६ डिसेंबर १९७६ रोजी, देशावर आणीबाणी असताना, नानांनी देह ठेवला. वाळव्यात त्यांचा अंत्यविधी झाला. दोनदा लोकसभेत बसलेल्या या माणसाने ना साखर कारखाना आपल्या नावे केला, ना पोरांसाठी गादी मांडली. आज त्यांचे नाव घेणाऱ्यांनी आपापल्या गाद्या एकदा चाचपून पाहाव्यात.

आणि बांधवहो, दोष पुढाऱ्यांचाच आहे असे नाही. नानांच्या नावाने घोषणा देणारा आमचा शेतकरी लेकीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकतो, मुहूर्त विचारायला पंचांगवाल्याच्या दारी जातो, शेजाऱ्याच्या मांडवापेक्षा आपला मांडव मोठा हवा म्हणून रोखा लिहून देतो. नानांनी सावकाराला दाराबाहेर काढले. आम्ही वाजत-गाजत घरात आणतो! पुतळ्याला हार नको. यंदा गावात एक तरी लग्न कर्जावाचून, मुहूर्तावाचून लावा. नाना जिवंत आहेत की मेले, हे त्या मांडवात कळेल.