पाणी शिकायचंय? मग सिव्हिलच का?

‘मला पाण्यावर काम करायचंय,’ असं बारावीनंतर कुणी म्हणालंच, तर पहिलं उत्तर ठरलेलं. ‘मग सिव्हिल घे.’ दुसरं उत्तर त्याहून भारी. ‘का रे, आरओ प्लांट टाकणार का?’ झालं, विषय संपला.

पाणी म्हणजे धरण आणि धरण म्हणजे इंजिनीअर, हे समीकरण आपल्या डोक्यात फिट बसलंय. पण जरा आजूबाजूला बघा. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. तरी राज्यातली बहुतेक शेती आजही पावसाच्याच भरवशावर. उन्हाळा आला की टँकर सुरू. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. बांधायला आपण कमी पडलो नाही. जमिनीखालचं पाणी समजून घ्यायला, ते मोजायला आणि वाटायला मात्र नक्की कमी पडलो. हे सगळं शिकवणाऱ्या पदव्या आपल्याच राज्यात आहेत. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही, ही खरी गोची.

म्हणून मला वाटतं, कोणती डिग्री घेऊ हे नंतर बघा. पाण्याचा नेमका कोणता प्रश्न तुम्हाला सोडवायचाय, ते आधी ठरवा.

समजा प्रश्न असा आहे, की जमिनीखाली पाणी आहे का आणि किती? महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसलाय. या खडकात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये. त्यामुळे एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडची बोअर कोरडी जाते. कर्ज काढून बोअर मारणारा शेतकरी सल्ला विचारतो कुणाला? तर तळहातावर नारळ ठेवून शिवारभर फिरणाऱ्या पाणाड्याला. त्याला हसणं सोपं आहे. पण भूजल शिकलेला माणूस त्या शेतकऱ्याला आयुष्यात कधी भेटलाच नसेल, तर तो दुसरं काय करणार? इथं जायची वाट म्हणजे बीएस्सी जिऑलॉजी आणि मग एमएस्सी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. आयआयटीत जायचं असेल तर जॅम परीक्षा आहे. पुढे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. माझ्या मते आज राज्याला सगळ्यात जास्त गरज आहे ती याच लोकांची.

प्रश्न शेतातल्या पाण्याचा असेल, म्हणजे माती वाहून जाऊ नये, ठिबक नीट चालावं, कॅनॉलखालची जमीन खारवू नये, तर कृषी अभियांत्रिकी बघा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ते शिकवतात. पुढे मृद व जलसंधारण किंवा सिंचन व निचरा या विषयांत एमटेक करता येतं.

पूर, नद्या आणि धरणं यात रस असेल तर सिव्हिलच घ्या, बिनधास्त घ्या. मग नागपूरच्या व्हीएनआयटीत जलस्रोत अभियांत्रिकीचं एमटेक आहे. आयआयटी रुरकीत तर जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. त्या रुरकीचं मूळ कॉलेजच मुळी १८४७ साली गंगा कालव्यासाठी माणसं घडवायला निघालं होतं.

आणि पाणी कुणाला मिळतं, कुणाला नाही, हा प्रश्न छळत असेल तर? मुंबईच्या ‘टिस’मध्ये वॉटर पॉलिसी अँड गव्हर्नन्समध्ये एमए करता येतं. त्यासाठी इंजिनीअर असायची गरज नाही. कायदा शिकणाऱ्यांनीही इकडे बघावं. कृष्णेच्या पाण्याचं भांडण लवादापर्यंत गेलं आणि बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं. २००५ पासून राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पुरंदरमध्ये पाणी एकरांवर न मोजता माणशी वाटलं आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. वाटपाचं असं डोकं लढवायला सिमेंटचं गणित पुरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ‘हे सगळं ठीक, पण नोकरीचं काय?’ बरोबर प्रश्न आहे. सरकारी भरतीत सिव्हिलचं पारडं आजही जड आहे. जलसंधारण अधिकारी या पदाच्या अलीकडच्या भरतीतही पात्रता मागितली गेली ती सिव्हिलची. ज्या कामात माती, खडक आणि पीक कळायला हवं, त्या कामाची दारं ते शिकलेल्यांसाठी बंद. हे बदलायला हवं. चार कृषी विद्यापीठांत पोरं तयार करायची आणि भरतीच्या वेळी त्यांना दाराबाहेर उभं करायचं, याला काय अर्थ आहे? पण ते बदलेपर्यंत डोळे मिटून प्रवेश घेऊ नका. सरकारी नोकरीच हवी असेल तर सिव्हिल किंवा जिऑलॉजी हे जास्त सेफ, हे मान्य करूनच निवड करा.

एक मात्र सांगतो. पाण्यातलं मोठं काम कुठल्या एका डिग्रीच्या मालकीचं नाही. स्टॉकहोम वॉटर प्राइझ हा पाण्याच्या क्षेत्रातला जगातला मानाचा पुरस्कार. १९९३ मध्ये तो माधवराव चितळे यांना मिळाला, ते सिव्हिल इंजिनीअर. २००९ मध्ये बिंदेश्वर पाठक यांना मिळाला, ते समाजशास्त्राचे. २०१५ मध्ये राजेंद्र सिंह यांना मिळाला, ते तर आयुर्वेद शिकलेले!

म्हणून पदवीला आपला मूळ विषय पक्का करा आणि पदव्युत्तरला पाण्याकडे वळा. नुसतं नावात ‘वॉटर’ आहे म्हणून लाखांची फी भरू नका. त्या कोर्सची मुलं वर्षातून किती दिवस शिवारात जातात, ते आधी विचारा. आणि फॉर्म भरण्याआधी दोन कागद समोर ठेवा, कोर्सचा सिलॅबस आणि तुम्हाला हव्या त्या नोकरीची मागची जाहिरात. दोन्ही नीट वाचा, मग सही करा.