नवस आपला, फास झाडाला?

हॉलतिकीट हातात पडलं की आपल्यातले कितीतरी जण आधी देवळात जातात. हसू नका, मीही जायचो. आंजी (मोठी)हून वर्ध्याची बस धरण्याआधी वडाच्या खालच्या फांदीला लाल धागा बांधायचा, मनातल्या मनात टक्के सांगायचे आणि निघायचं. परवा त्याच झाडापाशी थांबलो. तीन वर्षांपूर्वीचा माझा धागा तिथंच होता. रंग उडालेला, पण शाबूत. कारण तो सुती नव्हता, नायलॉनचा होता. आणि तो सालीत चांगलाच रुतला होता.

बॉटनीवाल्यांना वेगळं सांगायला नको. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. फांदी वाढत जाते, नायलॉन मात्र ना सैल होत, ना कुजत. मग तो हीच वाट आवळतो. सुती धागा उन्हापावसात विरून जातो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. चीनमध्ये देवळांच्या आवारातल्या जुन्या झाडांना लाल फिती बांधतात. हाँगकाँगच्या लाम त्सुएन गावात तर लोक इच्छा लिहिलेला कागद संत्र्याला बांधून झाडावर फेकायचे. २००५ मध्ये, चिनी नववर्षाच्या दिवसांत झाडाची फांदी तुटली आणि दोघे जखमी झाले. गावानं प्रथा मोडली नाही. कागद बांधायला लाकडी चौकटी उभ्या केल्या. श्रद्धा टिकली, झाडालाही आराम मिळाला.

मग आपण का नाही करू शकत? धागा बांधणाऱ्याला 'अंधश्रद्धाळू' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण भरतीची जाहिरात कधी निघेल, पेपर रद्द होईल का, यातलं काहीच हातात नसतं, तेव्हा माणूस कशाला तरी धरणारच. माझं म्हणणं एवढंच, की आपण नवस नुसता 'बोलत' नाही, तो 'फेडतो'सुद्धा. म्हणजे त्यात स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं. दहा रुपयांच्या नायलॉनच्या धाग्यात आपलं असं काय असतं?

धागा अर्पण कसा करावा, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्यांच्या स्मरणार्थ विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली. स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी वाहायची. विकत आणलेली चालत नाही, घाम आपलाच लागतो.

म्हणून दोस्तांनो, बांधायचाच असेल तर सुती धागा बांधा, तोही सैल. त्याहून बरं म्हणजे एखाद्या रोपाला अख्खा उन्हाळा पाणी घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात हा नवस फेडणं सोपं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझा धागा मी ब्लेडनं जपून कापला. तेव्हा मागितलेले टक्के काही मिळाले नव्हते. पण अभ्यास मी केला नव्हता, त्यात वडाचा काय दोष?