दिवाळीआधी एकदा शाळेत जाऊन या



दिवाळी सरली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवरची घरे बंद होतात. अक्राणीपासून नवापूरपर्यंतची माणसे बोचकी बांधून कोणी ऊसतोडीला, कोणी गुजरातेत मजुरीला निघतात. पोटासाठी जावे लागते, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण मागे शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावे तेवढी उरतात. मिरची फुलोऱ्यावर असताना पाणी तोडले तर झाड उभे राहते, पण फूल गळते. भरल्या वर्षात शाळेतून काढलेल्या मुलाचे तसेच होते.

२०११ च्या जनगणनेत राज्यात सात वर्षांवरच्या दर १०० माणसांमागे ८२ जणांना लिहिता-वाचता येत होते. आपल्या जिल्ह्यात ६४ जणांना. राज्यात हा आकडा सर्वांत कमी होता. अक्षर नसले की नुकसान कुठे होते? मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, ते वहीत वाचता येत नाही. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे दिसते. पण किती पाण्यात किती घालायचे, ते कळत नाही.

पुष्कळांना वाटते, शाळा सरकारची, आपण काय करणार? तसे नाही. फ्रान्स देशात १८३३ साली कायदा झाला, की प्रत्येक गावाने एकट्याने किंवा शेजारच्या गावाशी मिळून प्राथमिक शाळा चालवावी. आजही तिथे अशा शाळेची इमारत गावची पालिकाच सांभाळते. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेला व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात १०० पैकी किमान ७५ सभासद पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे शाळेची राखण तुमच्याच हाती दिलेली आहे.

तेव्हा निघण्याआधी एवढे करा :

१. आजी-आजोबा घरी राहणार असतील तर मुलांना त्यांच्यापाशी ठेवा. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय मिळेल का, ते समितीच्या बैठकीत विचारा. पाड्यावरची सगळी नावे एकत्र द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा दहा घरांच्या अर्जाला वजन असते.

२. मूल बरोबर न्यायचेच असेल तर गुरुजींना सांगून जा आणि शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवा. दाखला नाही म्हणून सरकारी शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही.

३. परत आल्यावर 'आता वर्ष गेलेच' म्हणून मुलाला गुरांमागे पाठवू नका. मागे पडलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन जादा शिकवणी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

४. घरात भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या लहानग्याला पहिलीत पुस्तकी मराठी परकी वाटते. गावातली शिकलेली मुलगी किंवा सून वर्गात दोन घटका बसली तर गुरुजींना मोठा हातभार लागेल. समितीत हा विषय काढा.

बियाणे घरचे असो वा विकतचे, पेरणीआधी आपण ते निवडून, पाखडून घेतो. मुलांच्या वर्षाचा विचारही तसाच आधी करायचा असतो. ट्रक दारात आल्यावर त्याला वेळ उरत नाही.