गप्प मूल आणि घोर लावून घेणारे मूल

"आमचा मुलगा फार गप्प असतो हो, चार माणसांत बसत नाही." कोलशेतच्या घरांतून कॉलेजात जाणाऱ्या मुलांबद्दल आम्ही हे नेहमी ऐकतो. बोलक्या मुलाची मात्र कोणी काळजी करत नाही.

मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि तीन सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आयुष्याविषयीचे समाधान मोजायला पाच विधाने तयार केली. प्रत्येकाला १ ते ७ गुण. पुढे अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांवर ती वापरली गेली. मिसळणाऱ्या मुलांचे समाधान थोडे जास्त दिसते, हे खरे. पण त्याहून घट्ट नाते काळजीखोर स्वभावाशी आहे: घोर जितका जास्त, समाधान तितके कमी. आणि असे मूल हसरे, बोलकेही असते! एक एटीकेटी लागली की त्याची झोप उडते, जेवण सुटते. लक्ष तिकडे हवे.

त्या चौघांपैकी रॉबर्ट एमन्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दहा आठवडे शुक्राच्या गोष्टी लिहायला लावल्या. अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपले आयुष्य बरे वाटले. शुक्र आपल्या घरांत नवा नाही. मात्र "शुक्र कर, आम्ही किती हाल काढले" असे ऐकवून मुलाचे तोंड बंद करणे, हा शुक्र नव्हे. आधी ऐकून घ्यावे. इशानंतर, मोबाइल बाजूला ठेवून. उत्तर त्याच रात्री मिळेल असे नाही. घोर उतरतच नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते.